चौदा नंबरचं झाड

दारावर टकटक झाली आणि शेषराव निंभोरकर दाराकडे न जाता भिंतीकडे गेले.

मी मात्र दाराकडेच बघत होते. बोटाच्या पेराने जाड लाकडावर मारावं तसा तो आवाज होता. पहिला ठोका जरा जोरात, दुसरा हलका. भिंतीवर पाटाएवढा एक फलक होता आणि त्यावर बासष्ट बारीक दिवे. त्यातला एक पेटला होता. शेषरावांनी त्याखालचं बटन दाबलं, बाहेर कुठेतरी ठिबकच्या नळीत पाणी सरकल्याची सुरसुर झाली, आणि ते परत येऊन खाटेवर बसले.

"चौदा नंबर," ते म्हणाले. "गंजच बोलते, सारखंच. सकाळपासून तिसरी खेप हाय त्याची. तुमी चहा घ्या म्याडम, थंडा होते."

मी चहा घेतला. ती टकटक माझी आहे, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

झाडाला पंप नसतो. आपण हापशाने पाणी खालून वर आणतो. झाड ते वरून ओढतं. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते, जाणारा प्रत्येक रेणू आपल्या मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. अशा तऱ्हेने पानापासून मुळाच्या टोकापर्यंत, केसाहून बारीक नळ्यांमधून, पाण्याचे अखंड धागे ताणलेले असतात. माती ओली असली की हे धागे सैल असतात. माती सुकत गेली की ती पाणी सोडत नाही, वरून ऊन ओढायचं थांबत नाही, आणि धाग्यावरचा ताण वाढत जातो. एका क्षणी शेजारच्या नळीतून हवेचा कण आत शिरतो, त्याचा बुडबुडा होतो आणि धागा तुटतो. तुटताना नळीची भिंत थरथरते. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येईल त्याच्या कितीतरी वरच्या पट्टीतला असतो. वटवाघळाला कदाचित येत असेल. तुटलेली नळी बहुधा पुन्हा भरत नाही. झाड तिला सोडून देतं, पाणी शेजारून वळवतं आणि पुढे सवडीने नवी नळी तयार करतं.

हा आवाज टिपणारा, बटनाएवढा गोल संवेदक आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेने बनवला. तो खोडाला चिकटवतात. गावोगाव त्याला टिकली म्हणतात. पहिल्या वर्षी आम्ही टिकलीचे आकडे लोकांच्या फोनवर पाठवले, आणि ते कोणी बघितले नाहीत. तेव्हा मी सुचवलं की आकडे नको, आवाज देऊ. मी अकरा आवाज तयार केले: घंटी, पक्षी, थेंब, शिट्टी वगैरे. चाळीस विद्यार्थ्यांना काम करत बसवून ते ऐकवले. सगळ्यांत लवकर माणूस उठला तो दार वाजल्याच्या आवाजाने. त्यात नवल नव्हतं. आता दार कोणी वाजवत नाही. कोण येतंय हे फोनवर आधीच कळतं, कुलूप आपोआप उघडतं. एका मुलीने तर आवाज ऐकून केस नीट केले आणि दाराकडे हसून पाहिलं. आम्ही त्याला यश म्हटलं.

ती टकटक मी माझ्या टेबलावर, माझ्याच उजव्या हाताने वाजवून ध्वनिमुद्रित केली होती.

वरूडपासून पंचवीस किलोमीटरवरच्या या गावात, पिंपळशेंड्यात, मी आले होते ती एका तक्रारीमुळे. परिसरातल्या सात संत्राबागा टिकल्या लावल्यापासून हिरव्यागार होत्या, पण त्यांना बहार येत नव्हता. टिकली बिघडली आहे का ते बघायचं होतं. सहा बागा बघून झाल्या होत्या. शेषरावांची सातवी.

त्यांच्या फलकाची नोंद मी येण्यापूर्वीच वाचली होती. तीन वर्षांत त्यांनी एकही टकटक सोडली नव्हती. उठून बटन दाबायला लागणारा सरासरी वेळ अठरा सेकंद. वय बहात्तर.

"तुमचं नाव काय म्हने?" त्यांनी विचारलं.

"शाल्मली."

"म्हंजे काटेसावर." ते हसले. "झाडाचंच नाव हाय बाप्पा. मंग तुमाले सांगाले हरकत नाई. टिकली काही बिघडली नाई. बिघडलो मी."

बाग घराला लागूनच होती. पानं जाड, काळपट हिरवी, तकतकीत. संत्र्याचं इतकं सुखी झाड मी पाहिलं नव्हतं. कुंपणापलीकडे पुरुषोत्तम ढोल्यांची बाग होती, आणि ती बघवत नव्हती. पानं द्रोणासारखी आत वळलेली, पिवळट, खाली सडाच पडलेला. डिसेंबरचा मध्य होता. ढोल्यांनी बागेला ताण दिला होता.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. आंबिया बहार हवा असेल तर हिवाळ्यात बागेचं पाणी महिना-सव्वा महिना तोडतात. झाड वाढ थांबवतं आणि मरणाच्या शंकेने म्हणा, शेंड्यांत फुलांची तयारी करतं. मग पाणी दिलं की बाग एकदम पांढरी होते. पूर्वी या कामाला थंडीची मदत असायची. आता डिसेंबरातही पंखा लागतो, त्यामुळे सगळी भिस्त ताणावर. आणि आम्ही नेमकी ताणालाच वाचा दिली होती. दाराशी उभं करून.

"तुमचा फलक वाजत नाही?" मी कुंपणाशी आलेल्या ढोल्यांना विचारलं.

"वाजते ना. गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवला मीनं. वरतून बायकोनं पापडाचा डब्बा ठेवला." ढोले शेषरावांकडे वळून म्हणाले, "काकाजी, तुमालेबी हेच सांगतलं होतं. फेब्रुवारीत पानीवाटपाची समिती पाहाले येईन. दोन साल झाले, तिसऱ्याबी साली फूल नाई दिसलं तं पानी तोडतीन. मंग बसा बासष्ट लाकडं घेऊन."

नियम असा होता: तळ्याचं पाणी मोजकं, म्हणून सलग तीन वर्षं बहार न धरणाऱ्या बागेचं पाणी काढून दुसऱ्या बागेला द्यायचं. दुष्टपणा नव्हता त्यात. मीही असाच नियम केला असता.

परत येताना मी म्हटलं, "काकाजी, आवाज मी आत्ता बंद करून देते. एक मिनिटाचं काम आहे."

घरात आल्यावर त्यांनी पंखा लावला, मग बंद केला.

"ऐका," ते म्हणाले.

मी ऐकलं. काहीच नव्हतं.

"हे असं राह्यते मंग," ते म्हणाले. "दिवसभर."

जेवताना त्यांनी बाकीचं सांगितलं. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी होती, त्यांनीच केलेली, जरा तिखट. बाग त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी उभी केली. खुंटावर डोळे भरण्यात, म्हणजे कलमं करण्यात, तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. ताणही तीच द्यायची, कारण शेषरावांना तो बघवत नसे.

"बागेच्या पहिल्या ताणाच्या साली सात झाडं मी चोरून पाजले. कळशीनं. तिले कळलं कवा, तं बाग फुलली तवा. पंचावन पांढरे अन् सात हिरवे. सारं गाव पाहाले आलं. तवापासून तिनं नियमच करून टाकला. ताण सुरू झाला का मले घराच्या बाहेर काढे. आधी माह्या बहिणीकडे, मंग पोरीचं, सुलभाचं, लगन झालं तं तिच्याकडे, अकोटले. म्हने, पानं उघडली का बलावतो. चाळीस वर्सं, बाई, डिसेंबर महिन्यात मी या घरात राह्यलो नाई."

"आणि आता?"

"आता धाडनार कोन?"

टकटक झाली. ते हात न धुताच उठले.

वच्छलाबाई गेल्या, त्याच वर्षी टिकल्या लागल्या होत्या. त्यानंतर शेषराव अकोटला एकदाही गेले नव्हते. नातवाचं बारसं त्यांनी फोनवर पाहिलं, आणि तेही मध्ये दोनदा उठून.

मी बाकीच्या सहा घरांच्या टिपणांवर नजर टाकली. मातीचा प्रकार, झाडांचं वय, उताराची दिशा, सगळं लिहिलं होतं आणि कशातच मेळ नव्हता. एक गोष्ट मी लिहिली नव्हती, कारण तिच्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. सातही घरांत एकेकटं माणूस राहत होतं.

"काकाजी," मी म्हटलं, "मी राहते इथे. तुम्ही अकोटला जा."

"तुमाले ताण समजते?"

"पुस्तकातला."

"मंग झाडाजवळ चाला."

त्यांनी मला एक पान धरायला लावलं. "दुपारी पान मिटनारच. त्याच्यावर जाऊ नका. पाह्याचं सकाळी, ऊन पडाच्या आधी. रातभरात पान उघडलं तं झाडात दम हाय. ज्या दिवशी सकाळीबी मिटलेलं दिसलं, त्या दिवशी ताण तोडा. एक दिवस आधी नाई, एक दिवस नंतर नाई. वच्छला असंच पाहे."

मी मनात पडताळून पाहिलं. रात्री छिद्रं मिटतात, ओढ थांबते, आणि मुळांना जेवढं पाणी मिळतं तेवढं झाडभर सारखं पसरतं. पहाटेचं पान म्हणजे मातीत उरलेल्या पाण्याची थेट खबर. आमच्याकडे हेच मोजायला कपाटाएवढं यंत्र आहे.

दुसऱ्या दिवशी सुलभाताईंचा नवरा गाडी घेऊन आला. शेषराव पिशवी घेऊन गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "चौदाकडे लक्ष ठेवजा. पन देऊ नका काही."

पहिला आठवडा सोपा गेला. काळी माती पाणी धरून ठेवते. दिवसाला चार-पाच टकटका. प्रत्येक वेळी मी मान वळवून दाराकडे बघायचे आणि स्वतःशी हसायचे. प्रयोगशाळेचं काम तिथूनच चालू होतं. पडद्यावर लोक भेटत होते, त्यांना मागे वाजलेलं ऐकू आलं की म्हणायचे, "कुणी आलंय का तुझ्याकडे?" मी म्हणायचे, "नाही."

संध्याकाळी शेषरावांचा फोन यायचा. दुसऱ्या आठवड्यात तो असा:

"आज कितीक?"

"अकरा."

"चौदा?"

"त्यात चार त्याच्या."

"पाजू नका, बाई." मग, "जेवले काय?"

हा प्रश्न मला दुसरं कोणी विचारत नव्हतं. नागपुरात माझी खोली नवव्या मजल्यावर आहे. दारावर आतून एक लहानसा आरसा लावलेला आहे आणि गेल्या चार वर्षांत कुणी दार ठोठावल्याने तो हललेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात टकटका तीसवर गेल्या. पानं वळायला लागली, पिवळी पडली, गळायला लागली. मी सकाळी अंधारातच उठून बागेत जायचे, टॉर्च न लावता बोटांनी पानं चाचपायचे. उघडलेली असायची. मग ऊन चढायचं आणि एकेक दिवा पेटत जायचा. मी कानात कापूस घातला, तरी कळायचं. आवाज बंद करायचं बटन माझ्याच हाताखाली होतं. पण मग शेषराव राहतात तशा घरात राहून काय होतं ते मला कळलं नसतं, असं मी टिपणात लिहिलं. खरं कारण ते नव्हतं. एकदा मी आवाज बंद केला होता, पाऊण तास. पंखाही बंद होता. मी पुन्हा चालू केला.

चुकीचा अर्थ लावू नये म्हणून मी हिशेब मांडून ठेवला होता. झाडाच्या पाचव्या हिश्शापर्यंत नळ्या तुटल्या तरी काही बिघडत नाही. निम्म्यापर्यंत गेलं तर फांद्या वाळतात. सत्ताविसाव्या दिवशी चौदा नंबरचा आकडा शेकडा सोळा होता. म्हणजे झाड पूर्ण सुरक्षित होतं, हे जगात कुणाला माहीत असेल तर ते मला.

त्या दुपारी मी एकटी जेवत होते. भाकर मला नीट जमली नव्हती, कडा जळली होती. दारावर टकटक झाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. कुणाला दाखवलं, कोण जाणे. पुन्हा झाली, पहिला ठोका जरा जोरात, दुसरा हलका. मी स्वतःला मोठ्याने म्हणताना ऐकलं, "हो हो, आले, आले."

आणि मी उठले आणि बटन दाबलं.

नळीत सुरसुर झाली. ते लगेच बंद करता आलं असतं. मी दारात जाऊन उभी राहिले आणि चौदा नंबरच्या बुडाशी माती काळी होत जाताना बघितली. दोन तास. मला फार बरं वाटत होतं, हेही लिहायला हवं.

संध्याकाळी फोन आला.

"आज कितीक?"

"अडतीस."

"चौदा?"

"आज गप्प आहे," मी म्हटलं.

मागे नातू कशासाठी तरी हट्ट करत होता. "जेवले काय?" त्यांनी विचारलं.

पुढचे चौदा दिवस मी हात मागे बांधून काढले. हे शब्दशः खरं आहे. फलकासमोरून जाताना मी हात पाठीमागे धरायचे. एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटे बोटांना पान लागलं ते मिटलेलंच. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, बांधापर्यंत जाऊन आले. मग अकोटला फोन केला.

"पानं उघडली नाहीत, काकाजी."

"आलो," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः ताण तोडला. आधी हलकं पाणी, चार दिवसांनी जास्त, मग भरपूर. मी तोवर नागपूरला परतले होते.

समिती येणार त्या दिवशी मी पुन्हा गेले. गाडीतून उतरायच्या आधीच वास आला. पान दिसत नव्हतं इतकी फुलं होती, आणि बागभर मधमाश्यांचा एकच घुमारा. समितीची तिघं माणसं पाच मिनिटं थांबली. एकाने फोटो काढला, एकीने फूल खुडून नाकाशी धरलं, आणि "पानी चालू" असं म्हणून तिघंही ढोल्यांकडे चहाला गेली.

शेषराव ओळीओळीने चालत होते. मी मागे. बाराव्या झाडाशी मी मागे राहिले, कारण पुढचं मला दिसत होतं. सगळ्या पांढऱ्यात एकच झाड हिरवं होतं. जाड, काळपट, तकतकीत पानांचं. एकही फूल नाही.

ते त्याच्यासमोर उभे राहिले.

"एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच," मी म्हटलं. "सत्ताविसाव्या दिवशी. गरज नव्हती, काकाजी. मला माहीत होतं गरज नव्हती."

"मीनं सात पाजले होते." ते खोडावरून हात फिरवत म्हणाले. "वच्छला चार दिवस बोलली नाई मले. मंग पाचव्या दिवशी म्हने, ज्याच्यानं ऐकू नाई राहावत त्यानं दूर राहावं, त्यात का लाज हाय."

मी त्यांना तेव्हाच सांगितलं, की तो आवाज माझ्या हाताचा आहे, मी टेबलावर वाजवलेला, आणि तीन वर्षं त्यांचं दार मीच वाजवत होते. आता तो बदलू. ताणाच्या दिवसांत फलक गप्प राहील आणि फक्त खरंच धोका असला तर बोलेल, असं करू. बाकीच्या सहा घरांतही.

त्यांनी माझा उजवा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"त्याहिचा बदला," ते म्हणाले. "माह्या राहू द्या. डिसेंबरात तुमी या अन् मले हाकलून द्या."

मी निघाले तेव्हा चार वाजले होते. पोट भरलेल्या बागेत एकही धागा ताणलेला नव्हता, आणि फलकावर एकही दिवा नव्हता. ते ओट्यापर्यंत आले, मग आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

गाडीपाशी पोचल्यावर लक्षात आलं की टिपणवही खाटेवरच राहिली. मी परत गेले. फोन करावा असं आधी मनात आलं, सवयीने. मग तो खिशात ठेवला आणि उजव्या हाताचं पेर लाकडावर दोनदा मारलं.

"आलो, आलो," आतून आवाज आला. खाट करकरली. पावलं वाजली, भरभर, मी ओळखत होते तशी, आणि ती दाराकडे आली नाहीत.

"कोनतं?" ते आतून म्हणाले. भिंतीपाशी उभे होते, आवाजावरून कळत होतं. "कोनतं बोललं?"

फलकावर बासष्टही दिवे विझलेले असणार. मी मनात मोजायला लागले. त्यांचा नेहमीचा वेळ अठरा सेकंद होता. अठरा झाले. वीस झाले. मी हात पुन्हा उचलला, पण दार वाजवलं नाही.

"काकाजी," मी म्हटलं, "मी आहे. दारात."